संयुक्त राष्ट्रांचा कारभार कळायला आधी मतं मोजायला शिका

प्रश्न असा आहे: 'पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. संयुक्त राष्ट्रांची सहा अंगं पाठ आहेत, पण अमुक ठराव फेटाळला, तमुक देश तटस्थ राहिला असं वाचलं की काही उलगडत नाही. ही संस्था प्रत्यक्षात चालते कशी? आणि भारताला कायम जागा कधी मिळणार?'

दुसऱ्या प्रश्नाचं शेवटी बघू. पहिल्यावर लिहायला बसलो, कारण 'तटस्थ' या एका शब्दावरून इथल्याच एका परीक्षकांशी माझं वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. कॉलेजच्या मुलांची अभिरूप सुरक्षा परिषद होती. मी तयारी करून घेतलेली मुलगी फ्रान्सच्या पाटीमागे बसली होती. बाजूने दहा मतं पडली, ती तटस्थ राहिली. परीक्षक म्हणाले, कायम सदस्याची (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन या पाचांपैकी एकाची) संमती नाही, सबब ठराव पडला. तिने समजावायचा प्रयत्न केला तर 'सनद वाचून या' असं ऐकवून गुण कापले. सनद, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची घटना, तिच्या हातातच होती.

सहा अंगं पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. त्यातल्या विश्वस्त मंडळाचं काम पलाऊ हा शेवटचा विश्वस्त प्रदेश स्वतंत्र झाल्यावर १ नोव्हेंबर १९९४ पासून थांबलेलंच आहे. ठरावाची बातमी आली की तीन गोष्टी विचारा: सभागृह कुठलं, मतदान कुठल्या नियमाखाली, आणि छेदात कोण धरलंय. हा छेदच लोक विसरतात.

फेब्रुवारी २०२२ मधले दोन दिवस घ्या. २५ तारखेला सुरक्षा परिषदेत युक्रेनवरचा ठराव मताला आला. बाजूने ११, विरुद्ध १ (रशिया), तटस्थ ३ (भारत, चीन, संयुक्त अरब अमिराती). ठराव पडला. २७ तारखेला तीच परिषद, तेच पंधरा देश, पुन्हा ११-१-३. या वेळी ठराव मंजूर, क्रमांक २६२३. आकडे जसेच्या तसे, निकाल उलटा. हे का झालं ते नीट कळलं की निम्मी सुरक्षा परिषद कळली.

सनदेच्या कलम २७ मध्ये दोन रांगा आहेत. कार्यपद्धतीच्या विषयाला १५ पैकी कुठलीही ९ मतं पुरतात. बाकी सगळ्या विषयांना ९ मतं लागतात आणि शिवाय एकाही कायम सदस्याचं विरुद्ध मत नको. २५ तारखेचा ठराव रशियाने सैन्य मागे घ्यावं असं सांगणारा, म्हणजे दुसऱ्या रांगेतला, तिथे रशियाचा एक हात पुरला. यालाच नकाराधिकार म्हणतात. २७ तारखेचा ठराव म्हणत होता की आमसभेचं तातडीचं खास अधिवेशन बोलवा. बैठक बोलावणं ही कार्यपद्धती, तिथे नकाराधिकार चालत नाही. परिषद अडली की विषय आमसभेकडे नेण्याच्या या वाटेचं मूळ १९५० च्या 'शांततेसाठी एकजूट' या आमसभेच्या ठरावात आहे, क्रमांक ३७७. आणि त्या फेब्रुवारीत परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडेच होतं. ते दर महिन्याला देशांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने फिरतं, म्हणून २५ तारखेच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्याच देशाने ठराव पाडला आणि निकालही त्याच खुर्चीतून जाहीर झाला.

आता 'तटस्थ'. या शब्दाचं वजन ठिकाणाप्रमाणे बदलतं, आणि आमच्या परीक्षकांची गाडी इथेच रुळावरून घसरली.

आमसभेत तटस्थ मताला वजन शून्य. महत्त्वाच्या विषयाला दोनतृतीयांश लागतात, पण ते 'उपस्थित आणि मतदान करणाऱ्यां'चे, आणि नियमावली सांगते की तटस्थ राहणारा मतदान करणारा नव्हे. २ मार्च २०२२ ला त्याच खास अधिवेशनात बाजूने १४१, विरुद्ध ५, तटस्थ ३५. छेद १४१ अधिक ५, म्हणजे १४६. त्याचे दोनतृतीयांश ९८. भारतासह ३५ देशांच्या नावापुढे फलकावर पिवळा दिवा लागला, पण गणितात ते नव्हतेच. उरलेल्या १२ देशांनी बटणच दाबलं नाही, तेही छेदाबाहेर.

सुरक्षा परिषदेत अस्थायी सदस्य तटस्थ राहिला तर ते व्यवहारात 'नाही' होतं, कारण ९ हा आकडा पक्का आहे, तो छेदाबरोबर हलत नाही. ३० डिसेंबर २०१४ चा पॅलेस्टाइनचा मसुदा: बाजूने ८, विरुद्ध २, तटस्थ ५. विरोधात अमेरिका होती, म्हणून अमेरिकेने नकाराधिकार वापरला असं अनेकांनी ठोकून दिलं. चूक. नऊच भरले नाहीत, त्यामुळे अमेरिकेचा हात मोजायची वेळच आली नाही. मसुदा तटस्थांनी पाडला.

आणि कायम सदस्य तटस्थ राहिला तर? ठराव अडत नाही. १९४६ पासूनची ही वहिवाट आहे आणि १९७१ मध्ये नामिबियावरच्या सल्लामतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिच्यावर शिक्का मारला. लिबियावरचा १९७३ क्रमांकाचा ठराव (१७ मार्च २०११) १०-०-५ ने मंजूर झाला, त्या पाचांत रशिया आणि चीन होते, शिवाय भारत, जर्मनी, ब्राझील. २५ मार्च २०२४ चा गाझातल्या युद्धविरामाचा ठराव १४-०-१, तो एक म्हणजे अमेरिका. गैरहजर राहूनही अडवता येत नाही. जानेवारी १९५० पासून सोव्हिएत प्रतिनिधी चीनच्या जागेवर कुणी बसायचं या वादावरून रुसून बाहेर होता, तेवढ्यात जून-जुलैमध्ये कोरियावरचे ठराव होऊन गेले. ऑगस्टमध्ये तो परत येऊन बसला.

न्यायाधीशांच्या निवडणुकीत आणखी निराळं. आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी आमसभेत ९७ आणि परिषदेत ८, म्हणजे एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, दोन्हीकडे एकाच उमेदवाराला, आणि नकाराधिकार नाही. २०१७ मध्ये दलवीर भंडारी (आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती) आमसभेत पुढे, ब्रिटनचे ग्रीनवुड परिषदेत पुढे, अशा फेऱ्यांवर फेऱ्या अडकल्या. २० नोव्हेंबरला ब्रिटनने माघार घेतली आणि भंडारींना १८३ व १५ मतं पडली.

आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण 'मग उपयोग काय' हा कट्ट्यावरचा प्रश्न मला पटत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये सोव्हिएत नकाराधिकारामुळे परिषद अडली, विषय 'शांततेसाठी एकजूट'च्याच वाटेने आमसभेत गेला आणि ७ तारखेला युद्ध थांबवून सैन्य मागे घ्या, असा ठराव १०४-११-१० ने झाला. तो आपल्याला नको होता. आपण तो मानला नाही आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. बंधन नव्हतंच. पण जगात आपल्या पाठीशी किती जण उभे आहेत ते त्या ११ ने दिल्लीला दाखवलं.

मतदान म्हणजे मात्र शेवटची पाच मिनिटं. खरं काम मसुद्यावर होतं. परिषदेत बहुतेक विषयांचा मसुदा अमेरिका, ब्रिटन किंवा फ्रान्स यांच्यापैकी कुणीतरी लिहितं. त्यावर देशांच्या न्यूयॉर्कमधल्या स्थायी प्रतिनिधी कार्यालयांतले फर्स्ट सेक्रेटरी दर्जाचे अधिकारी बंद खोलीत शब्दाशब्दाला झगडतात. मग मसुदा 'मौना'त टाकतात: अमुक वाजेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर संमत धरू. हरकत आली की मौन मोडलं, पुन्हा बसा. शेवटी तो निळ्या शाईत छापला जातो, म्हणजे मताला तयार. २५ फेब्रुवारीच्या मसुद्यात आधी 'निषेध' होता, तो चीनला तटस्थ ठेवण्यासाठी सौम्य क्रियापदावर आणला गेला आणि सनदेच्या सातव्या प्रकरणाचा (सक्तीच्या कारवाईचा) उल्लेखही गाळला गेला. म्हणून ठराव वाचताना क्रियापदाखाली रेघ ओढा. 'ठरवते' असेल तर सदस्यांवर बंधन, 'आवाहन करते' आलं की वाद सुरू, 'नोंद घेते' म्हणजे ना चांगलं ना वाईट. संपूर्ण ठराव व्याकरणाने एकच वाक्य असतो. प्रस्तावनेच्या कलमांनंतर स्वल्पविराम, कृतीच्या कलमांनंतर अर्धविराम, पूर्णविराम फक्त अखेरीस.

आता पैसा, ज्याकडे कुणी बघत नाही. पुण्याच्या महापालिकेत मुख्य सभेत भाषणं होतात आणि निविदा सोळा जणांच्या स्थायी समितीत अडतात. न्यूयॉर्कमध्ये उलटं आहे. सैन्य पाठवायचा निर्णय पंधरा जणांचा, पण खर्चाची मंजुरी आमसभेच्या पाचव्या समितीची, आणि तिथे सगळे १९३ बसतात. नियमित अंदाजपत्रकात एका देशाचा वाटा जास्तीत जास्त २२ टक्के (तो अमेरिकेचा) आणि कमीत कमी ०.००१ टक्का. २०२२ ते २०२४ या काळात भारताचा वाटा १.०४४ टक्के होता. थकबाकी आधीच्या पूर्ण दोन वर्षांच्या वर्गणीइतकी झाली की कलम १९ खाली आमसभेतलं मत जातं. शांतिसेनेचा हिशेब जुलै ते जून असा वेगळा चालतो आणि तिथे पाच कायम सदस्यांवर जादा भार असतो. शांतिसेना म्हटलं की आपल्याकडे १९६१ मध्ये कांगोत धारातीर्थी पडलेले, खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया आठवतात. पण त्या सैनिकाला पगार संयुक्त राष्ट्रं देत नाहीत. पगार त्याचं सरकार देतं, आणि सरकारला माणशी दरमहा ठरावीक परतावा मिळतो, अलीकडे चौदाशे डॉलरच्या वर. मोठ्या देशांनी वर्गणी उशिरा भरली की परतावा रखडतो. रोकड इतकी आटते की ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मुख्यालयातले सरकते जिने बंद ठेवले होते. त्यात एक खुळचट नियम असा, की वर्षअखेर न खर्चलेले पैसे सदस्यांना परत वळते करावे लागतात, मग ते उशिरा आल्यामुळे खर्चता आले नसले तरी.

सुरुवात कुठून, तर जाडजूड पुस्तकं बाजूला ठेवा आणि एकाच ठरावाचा माग काढा. वर सांगितलेला युक्रेनचाच घ्या. मसुद्याचा क्रमांक एस/२०२२/१५५, दोन बैठकांची शब्दशः इतिवृत्तं एस/पीव्ही.८९७९ आणि एस/पीव्ही.८९८०. 'एस' म्हणजे सुरक्षा परिषद, आमसभेला 'ए', आणि आमसभेच्या क्रमांकात 'एल' अक्षर दिसलं की तो अजून मसुदा आहे. सगळी कागदपत्रं फुकट मिळतात. इतिवृत्तात आधी मताचं स्पष्टीकरण शोधा, देश का तटस्थ राहिला ते तिथे त्याच्याच तोंडून असतं. भारताचे तेव्हाचे प्रतिनिधी तिरुमूर्ती यांचं २५ तारखेचं निवेदन जेमतेम पानभर आहे. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत एका रविवारी हे सगळं वाचून होईल.

अभिरूप परिषदांपासून मात्र जपून. 'अनमॉडरेटेड कॉकस' (जागा सोडून मोकळी चर्चा) वगैरे जे तिथे घोकवतात, ते खऱ्या कार्यपद्धतीत नाही. मुलांना बोलायचा सराव होतो, इतपत ठीक. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने एखादं इतिवृत्त तरी वाचलेलं असावं, ही अपेक्षा फार नाही.

आता पोटकलमं, जी खरं तर वर यायला हवी होती. कलम २७(३) मध्ये असंही आहे की सहाव्या प्रकरणाखालच्या (वाद शांततेने मिटवण्याच्या) निर्णयात वादातला पक्ष असलेल्या देशाने तटस्थ राहायलाच हवं. ते आता क्वचितच पाळलं जातं. दुसरं, एखादा विषय कार्यपद्धतीचा आहे की नाही, याच प्रश्नावर मतदान झालं तर त्यात नकाराधिकार चालतो, अशी १९४५ ची भूमिका आहे, म्हणजे ती रांग दिसते तितकी मोकळी नाही. आणि परीक्षकांच्या बाजूने एवढं मान्य करतो: सनदेची अक्षरं कायम सदस्यांची 'सहमतीची मतं' मागतात. नुसती सनद वाचली तर त्यांचाच अर्थ सरळ वाटतो. त्यांनी त्या मुलीला जे करायला सांगितलं, तेवढंच त्यांनी केलं होतं.

भारताच्या कायम जागेचं: कलम १०८. सनददुरुस्तीला आमसभेच्या सदस्यांचे दोनतृतीयांश, म्हणजे १२९ मतं. इथे छेद संपूर्ण १९३, तटस्थ राहून कुणाला सुटका नाही. मग दोनतृतीयांश देशांनी आपापल्या घरी मान्यता द्यायची आणि त्यांत पाचही कायम सदस्य हवेत. परिषद ११ वरून १५ ची झाली ती दुरुस्ती १९६३ मध्ये मंजूर झाली आणि १९६५ मध्ये अमलात आली. २००९ पासून नव्या वाटाघाटी चालू आहेत. जून २०२० मध्ये अस्थायी जागेसाठी आपल्याला १९२ पैकी १८४ मतं पडली होती, ती इथे धरू नका. ते मतदान गुप्त होतं आणि त्यात कुणाला नकाराधिकार नव्हता.