तुरुंगातून सुटलेल्या माणसाला सत्संग-भजनाला लावल्याने खरंच फरक पडतो का? माझा मामेभाऊ पुढच्या महिन्यात सुटतोय.

पडतो. मी स्वतः ७ वर्षं आत काढलीत. पण त्याला कोणाच्या हाती देताय ते आधी बघा.

मी सुटल्यावर थोरल्या भावाने मला एका सत्संग मंडळात नेलं. दर गुरुवारी ते मला उभं करायचे. "बघा, खुनाच्या केसमधला माणूस आज माळकरी झाला!" लोक टाळ्या वाजवायचे आणि माझी पुतणी खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसत बसायची. चार महिन्यांनी मी जाणं बंद केलं. भाऊ म्हणाला, तुला देवाचंही वावडं आहे.

पुढच्या आषाढीआधी शेजारच्या गावचे विणेकरी बुवा घरी आले. काय केलं होतंस, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही, आजवर नाही. म्हणाले, "आळंदीपासून ट्रकवर माणूस पाहिजे. येतोस?" सव्वाशे जणांच्या वळकट्या, शिधा आणि भिशीच्या, म्हणजे दिंडीच्या जेवणखर्चाच्या, पैशांची पत्र्याची पेटी, सगळं माझ्या ताब्यात. दिंडी दिवे घाट चढत होती तेव्हा मी सासवडच्या मुक्कामावर पेटीला टेकून एकटा बसलो होतो, किल्ली करदोट्याला. आत रोज गिनती व्हायची. सुटल्यावरही मी लोटलेल्या दारापुढे उभाच राहायचो, कोणी उघडेल म्हणून. आणि इथे कुलूप माझ्याकडे! पंढरपुरात बुवा पैसे न मोजताच पेटी ठेवून घ्यायला लागले. मी हट्टाने मोजायला लावले. दोनदा.

विश्वास टाकायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तिथे कैद्यांना भिंतीशिवाय शेतीवर ठेवलं. भाऊ अजून म्हणतो, मंडळाने तुला जवळ केलं आणि तू उपकार विसरलास. दादा, त्यांनी मला एकदा तरी सतरंज्या उचलायला सांगायचं होतं.

सगळी मंडळं तशी नसतात, हेही खरं. तुमचा मामेभाऊ दारू पीत असेल तर टाळ देऊन भागणार नाही, डॉक्टरकडे न्या. देवाधर्माचं मन नसेल तर ओढू नका. मुंबईत असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या लोकांसाठी काम करतोय, तिथे जा. आणि रेशनकार्डावरून नाव कमी झालं असेल तर ते, आधार आणि बँकेचं खातं पहिल्या आठवड्यात मार्गी लावा. माळेचं तो स्वतः बघेल.