बदलून दिलेलं वाय-फाय कार्ड कॉम्प्युटरला दिसत नाही, विक्रेता हात झटकतो

प्रश्न : सुटे भाग आणून मी घरीच कॉम्प्युटर जुळवला. मदरबोर्ड एएमडी प्रोसेसरचा आहे. ऑनलाइन घेतलेलं इंटेल एएक्स२१० वाय-फाय कार्ड वॉरंटीत बंद पडलं, म्हणून विक्रेत्याने दुसरं पाठवलं. ते एम.२ स्लॉटमध्ये नीट बसतं, पण वाय-फाय नाही आणि ब्लूटूथही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरला जोडलेल्या भागांची विंडोजमधली यादी) त्याचं नावसुद्धा येत नाही. विक्रेता म्हणतो, "जुळणी तुम्ही केलीत, अँटेना तुम्ही लावलीत, आमची जबाबदारी नाही. शिवाय एकदा बदललेला माल पुन्हा बदलत नाही." 'सदोष कार्ड दिले' अशी तक्रार लिहून ठेवली आहे. कार्डाचा फोटो जोडतो. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर : जाता येईल, पण लिहून ठेवलेली तक्रार तशीच दाखल करू नका. तिच्यातला 'सदोष' हा शब्दच तुम्हाला गोत्यात आणेल.

तुमच्या फोटोतलं लेबल पाहा. त्यावर एएक्स२११ छापलं आहे, एएक्स२१० नाही. आकार तोच, स्लॉट तोच, पण काम करायची पद्धत वेगळी. २१० हे स्वयंपूर्ण कार्ड आहे. त्याचं वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसवरून आणि ब्लूटूथ यूएसबीवरून चालतं, त्यामुळे ते एएमडीच्या बोर्डावरही चालतं. २११ मध्ये मात्र फक्त रेडिओचा भाग असतो. उरलेलं काम मदरबोर्डवरच्या इंटेलच्या ठरावीक चिपसेटमध्ये (बोर्डाचे भाग जोडणाऱ्या मुख्य चिपमध्ये) होतं. तुमच्या एएमडीच्या बोर्डावर तो भागच नाही, म्हणून तुम्ही ड्रायव्हर कितीही वेळा टाकलात तरी कार्ड दिसणार नाही.

आता 'सदोष' म्हणून तक्रार केलीत तर काय होईल? दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिथे योग्य इंटेल बोर्डावर हे कार्ड लावलं की ते बहुधा व्यवस्थित चालेल, आणि तुमची खरी तक्रार कागदावर खोटी ठरेल. तुमचा मुद्दा वेगळा आणि जास्त भक्कम आहे. वॉरंटी एएक्स२१० ची होती आणि बदली त्याच वर्णनाच्या वस्तूने व्हायला हवी होती. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३९ मध्ये आयोग बदलीचा आदेश देतो, तोही 'तशाच वर्णनाच्या' नव्या, निर्दोष वस्तूचा. वर्णनानुसार विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १५ सांगतं. तक्रारीत यावर भर द्या.

जुळणीचं कारण तर टिकणारच नाही. सुटं वाय-फाय कार्ड ग्राहकाने बसवण्यासाठीच विकलं जातं. बसवताना तुम्ही ते मोडलंत असा आरोप असेल, तर तो विक्रेत्याने सिद्ध करायचा. अँटेनाचं म्हणाल, तर तिच्या बारीक टोप्या नीट बसल्या नाहीत तर रेंज कमी होते, पण तेवढ्याने कार्ड यादीतून गायब होत नाही. आणि 'बदललेला माल बदलत नाही' हे वाक्य बिलावर छापलेलं असलं, तरी चुकीचा माल पाठवल्याची जबाबदारी त्याने टळत नाही.

नोटीस पाठवण्याआधी पुरावा पक्का करा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वायरलेसचा पर्याय चालू आहे का ते बघा, कारण तो बंद असेल तर विक्रेता नेमकं तेच पकडेल. मग कुणाकडून तरी चालू स्थितीतलं एएक्स२१० थोड्या वेळासाठी मागा आणि त्याच स्लॉटमध्ये लावा. मशिन पूर्ण बंद करून आणि वायर काढूनच कार्ड बदला. ते कार्ड दिसलं की तुमचा स्लॉट ठीक आहे हे सिद्ध झालं. हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या. लेबल, अनुक्रमांक आणि डिव्हाइस मॅनेजरचा पडदा, तिन्ही वाचता आले पाहिजेत. फोनमधली मूळ फाइल पुसू नका. आयोगात ती देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा.

त्यानंतर विक्रेत्याला आणि ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा : 'एएक्स२१० ऐवजी एएक्स२११ मिळाले आहे, मूळ वर्णनाचे कार्ड द्या किंवा पैसे परत करा.' ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. अशी बरीच प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात, म्हणून आयोगाची घाई नको. जावंच लागलं, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि वकील लावायची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

एक मात्र सांभाळा. विक्रेता 'कार्ड परत पाठवा, बघतो' म्हणेल. मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेली पोच त्याच्याकडून ईमेलवर आल्याशिवाय ते कार्ड हातचं सोडू नका.