प्रश्न वाचकांचे: मराठवाड्यात बायोइन्फर्मेटिक्सची आंतरराष्ट्रीय परिषद

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान आणि बायोइन्फर्मेटिक्सचा, म्हणजे जैविक माहितीच्या संगणकीय विश्लेषणाचा, पदव्युत्तर विभाग आहे. पुढील वर्षी या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद घ्यावी, असे संस्थाचालकांच्या मनात आहे. परदेशी वक्ते किती असावेत, तयारी केव्हा सुरू करावी आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या पदरात यातून खरोखर काही पडेल का?
— एक प्राध्यापिका, परभणी जिल्हा

उत्तर : वक्त्यांची संख्या नंतर ठरवता येईल, आधी परिषदेचा विषय ठरवावा आणि तो अरुंद ठेवावा. ‘बायोइन्फर्मेटिक्समधील नवे प्रवाह’ असा सर्वसमावेशक मथळा दिला, की कर्करोगापासून मत्स्यशास्त्रापर्यंतचे शोधनिबंध एकाच सत्रात येऊन बसतात आणि शेजारी बसलेल्या दोन संशोधकांना एकमेकांना विचारण्यासारखे काही उरत नाही. आपल्या भागाला तर विषय शोधत दूर जाण्याचे कारणच नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली तुरीच्या जनुकसंचाचा, म्हणजे तिच्या संपूर्ण जनुकीय माहितीचा, आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ‘आशा’ हे वाण निवडले होते आणि त्यात ४८,६८० जनुके असावीत, असा अंदाज संशोधकांनी मांडला. ही माहिती जगभर खुली आहे. तुरीवरचा मर रोग आणि वांझ रोग मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला चांगलेच ठाऊक आहेत, बदनापूरचे संशोधन केंद्र तुरीच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम करत आहे, आणि लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आपल्याच कृषी विद्यापीठाची आहे. ‘कोरडवाहू पिकांचे जनुकीय विश्लेषण’ असा विषय घेतला, तर आफ्रिकेतील ज्वारीवर काम करणारा संशोधक इथे केवळ पाहुणा म्हणून येणार नाही. त्याला इथल्या शिवाराविषयी विचारायचे असेल.

परिषद आंतरराष्ट्रीय ठरते ती निबंधांच्या परीक्षणामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. आशिया-पॅसिफिक बायोइन्फर्मेटिक्स नेटवर्कची ‘इनकॉब’ ही परिषद २००२ मध्ये बँकॉकला सुरू झाली आणि २००६ मध्ये दिल्लीत भरली. तिचे निवडक निबंध परीक्षणानंतर मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या विशेष पुरवण्यांत छापले गेले. आपणही परीक्षण समितीत देशाबाहेरचे तज्ज्ञ घ्यावेत, प्रत्येक निबंध किमान दोघांकडे पाठवावा आणि कमकुवत निबंध नाकारण्याची तयारी ठेवावी. नोंदणी शुल्क भरले की निबंध स्वीकारला, अशी पद्धत पडली, तर त्यात सर्वाधिक नुकसान तरुण संशोधकांचे होते. त्यांच्या नावावर असे प्रकाशन कायमचे चिकटते. निबंध हमखास छापून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या प्रकाशकांना दारातही उभे करू नये.

तयारीला पूर्ण वर्ष हवे. प्रत्यक्ष येणाऱ्या परदेशी वक्त्याला पर्यटन व्हिसा चालत नाही, परिषदेसाठीचाच व्हिसा लागतो. त्याकरिता निमंत्रणपत्राबरोबर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मान्यता आणि काही प्रसंगी गृह मंत्रालयाची परवानगीही मिळवावी लागते. पाहुणे महाविद्यालयाच्या विश्रामगृहात उतरले, तरी त्यांच्या मुक्कामाची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करणे ही यजमानाची जबाबदारी असते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून अर्थसाहाय्य मिळू शकते, मात्र प्रस्ताव काही महिने आधी गेला पाहिजे. लेण्यांची सहल ठेवणार असाल, तर अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे वेळापत्रक आखतानाच पाहावे. खरोखर काम करणारे तीन-चार परदेशी वक्ते पुरेत.

विद्यार्थ्यांच्या पदरात जे पडेल ते मुख्यतः परिषदेला जोडून घेतलेल्या कार्यशाळेतून, म्हणून माझा सर्वाधिक आग्रह तिथे आहे. अशा कार्यशाळा बहुधा पहिल्या तासातच अडतात : चाळीस विद्यार्थी एकाच वेळी काही जीबींच्या फाइली उतरवू लागतात, इंटरनेट मान टाकते आणि तज्ज्ञ रिकाम्या पडद्यासमोर बोलत राहतात. यावर उपाय असा, की सगळा डेटा आठवडाभर आधी महाविद्यालयाच्याच सर्व्हरवर आणून ठेवावा, संपूर्ण जनुकसंचाऐवजी तुरीच्या अकरा गुणसूत्रांपैकी एकच घ्यावे आणि ‘गॅलॅक्सी’सारखी जनुकीय विश्लेषणाची मोफत प्रणाली त्याच सर्व्हरवर बसवावी, म्हणजे विद्यार्थ्याला ब्राउझर उघडून लगेच काम सुरू करता येते. सर्व्हर आणि संगणकांना त्याच्याशी जोडणारा नेटवर्क स्विच या दोन्हींना यूपीएस हवा. स्विचचा नेमका विसर पडतो आणि वीज जाताच सगळ्या संगणकांचा सर्व्हरशी संपर्क तुटतो. परिषदेनंतरही हा सर्व्हर तसाच चालू ठेवावा. शाली, स्मृतिचिन्हे आणि मंडपाच्या खर्चात काटकसर करून त्याचे पैसे उभे करता येतील, आणि संस्थाचालकांपुढे ही मागणी आपण संकोच न करता ठेवावी.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे निबंध नाही. तरी अशा परिषदेत भाग घेता येईल का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बहुतेक परिषदांत विद्यार्थ्यांसाठी भित्तिपत्रकांचे (पोस्टरचे) सत्र असते आणि शुल्कही कमी असते. खुल्या डेटाबेसमधून तुरीचे रोगप्रतिकाराशी संबंधित एखादे जनुक घ्यावे, ‘ब्लास्ट’ या जनुकांमधील साम्य शोधणाऱ्या संगणकीय साधनाने त्याची तुलना हरभरा आणि सोयाबीनमधील जनुकांशी करावी आणि जे दिसले ते एका भित्तिपत्रकावर मांडावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सारांश पाठवण्याची मुदत परिषदेच्या काही महिने आधी संपते, तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापकांशी याच आठवड्यात बोलावे.