'डिटर्जंट' म्हणजे साबणच का?

प्रश्न : कपडे धुण्याच्या पावडरीवर 'डिटर्जंट' असे छापलेले असते आणि इंजिन ऑइलच्या माहितीतही हाच शब्द आढळतो. त्याचा नेमका अर्थ काय? परावृत्त करणे या अर्थाच्या 'डिटर' या क्रियापदाशी त्याचे नाते आहे का?

उत्तर : हा शब्द लॅटिनमधील 'डेतेर्गेरे', म्हणजे पुसून काढणे, या क्रियापदावरून आला आहे. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या आरंभी विशेषण म्हणून रुजला, तेव्हा वैद्यकीय लेखनात जखम स्वच्छ करणाऱ्या औषधांसाठी तो वापरला जाई. 'डिटर' मात्र 'घाबरवणे' या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून बनला असून दोन्हींत समान आहे तो केवळ उपसर्ग. खरे भावंड आहे ते 'टर्स' हे विशेषण. 'पुसलेले' या अर्थाच्या लॅटिन रूपातून आलेला हा शब्द आधी गुळगुळीत, चकचकीत वस्तूंसाठी वापरला जाई आणि पुढे अनावश्यक शब्द काढून टाकलेल्या नेटक्या भाषेलाही लागू झाला; अर्थाचा असा सुंदर प्रवास क्वचितच पाहायला मिळतो.

आजचा रूढ अर्थ विसाव्या शतकातला आहे. साबण चरबी किंवा तेल आणि अल्कली यांपासून बनतो, आणि कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग होताच त्याचा न विरघळणारा साका तयार होतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी साबणाला कृत्रिम पर्याय शोधले. पुढे विकसित झालेले असे पदार्थ कठीण पाण्यातही चांगले काम देऊ लागले. अमेरिकेत 1946 मध्ये 'टाइड' बाजारात आल्यावर अवघड धुण्यासाठीही लोक साबणाऐवजी अशी पावडर वापरू लागले आणि 'डिटर्जंट' हे तिचेच नाव झाले.

रसायनशास्त्रातील व्याप्ती मात्र मोठी आहे. ज्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जाते आणि त्यामुळे जो तेलकट मळ सुटा करून पाण्यात तरंगत ठेवतो, अशा पदार्थाला तेथे डिटर्जंट म्हणतात, आणि या अर्थाने साबणही त्यातच मोडतो. इंजिन ऑइलमधील डिटर्जंट धातूच्या भागांवर काजळी व चिकट थर साचू देत नाहीत, तर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशींची आवरणे विरघळवून आतील डीएनए मिळवण्यासाठी डिटर्जंट वापरतात.