समीकरणाचा फोटो नको

प्रश्न : दहावीच्या मुलांसाठी बीजगणिताचा ब्लॉग चालवते. समीकरणं वर्डमध्ये लिहून त्यांचे स्क्रीनशॉट टाकते, पण मोबाइलवर ती धूसर दिसतात. काय करू?

स्क्रीनशॉट बंद करा. चित्र ठरावीक ठिपक्यांचं असतं, मुलानं दोन बोटांनी मोठं केलं की ते फुटणारच. शिवाय अधिकच्या जागी उणे पडलंय हे लक्षात आलं, की पुन्हा वर्ड, पुन्हा स्क्रीनशॉट, पुन्हा अपलोड. एका चिन्हापायी एवढा खटाटोप!

समीकरण अक्षरांतच लिहायचं. त्यासाठी लाटेकची पद्धत आहे. १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांना स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी खटकली, की अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला ते बसले. ती टेक. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक रचलं. अपूर्णांक हवा असेल तर उलटी तिरकी रेघ, तिला चिकटून रोमन अक्षरांत ‘फ्रॅक’, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. वर्गमुळासाठी ‘फ्रॅक’च्या जागी ‘एसक्यूआरटी’ आणि एकच कंस. वर्गसमीकरण सोडवायचं अख्खं सूत्र असं एका ओळीत बसतं. आठवडाभरात हात बसेल.

ही ओळ ब्राउझरला आपोआप कळत नाही. गूगलचं ब्लॉगर वापरत असाल तर थीमच्या एचटीएमएलमध्ये, ‘हेड’ बंद होतं त्याच्या वर, लाटेकची ओळ समीकरणासारखी दाखवणारी मॅथजॅक्सची स्क्रिप्ट एकदा चिकटवा. जुन्या लेखातून पत्ता उचलू नका. ही स्क्रिप्ट पुरवणारं मॅथजॅक्सचं स्वतःचं वितरण केंद्र ३० एप्रिल २०१७ लाच बंद झालं, आणि तो पत्ता अजून कुठे कुठे छापलेला सापडतो.

प्रश्न : मॅथजॅक्स लावलं. तरी लाटेकच्या रिवाजाप्रमाणे डॉलरच्या दोन खुणांमध्ये लिहिलेलं समीकरण तसंच्या तसं दिसतं. आणि एका पोस्टमध्ये तर अर्धा परिच्छेदच गायब!

दोन वेगळी दुखणी आहेत. मॅथजॅक्सच्या मूळ मांडणीत एकेरी डॉलर बंद असतो, ओळीतल्या समीकरणासाठी उलटी तिरकी रेघ आणि गोल कंस लागतो. कारण साधं आहे. अमेरिकेतल्या कुणी ‘पुस्तक ५ डॉलर, वही २ डॉलर’ असं खुणा वापरून लिहिलं, तर मधला मजकूर गणित समजून तिरका आणि सलग चिकटून छापला जाईल. आपण किमती रुपयांत लिहितो, त्यामुळे सेटिंगमध्ये एकेरी डॉलर खुशाल चालू करा.

परिच्छेद गिळला तो ‘पेक्षा लहान’च्या चिन्हानं. त्याला चिकटून रोमन अक्षर आलं की ब्राउझरला वाटतं टॅग सुरू झाला. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, काम भागतं. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) लिहीत असाल तर आणखी एक भामटा आहे : अंडरस्कोर. पायाशी अंक लिहायला दोनदा वापरलात, की मार्कडाउन कधी कधी ते खाऊन मधला मजकूर तिरका करून टाकतं.

प्रश्न : ‘वेग = अंतर ÷ वेळ’ हे सूत्र मराठीतच हवंय. मात्रा सुटून बाजूला पडतात, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

हा प्रश्न खास आपला, म्हणून जरा सविस्तर. गणिताच्या मांडणीत प्रत्येक चिन्ह सुटं धरलं जातं. आपल्याला ‘वे’ हे एक अक्षर दिसतं, संगणकाकडे मात्र ‘व’ आणि मात्रा असे दोन संकेत असतात. दोघांची ताटातूट झाली की मात्रा बसायला जागा शोधते, ते ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे तिची रिकामी खुर्ची. उपाय : मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या महिरपी कंसात टाका. मग तो अख्खा शब्द म्हणून उमटतो.

घातांकाचंही ऐका. ² हे चिन्ह युनिकोडमध्ये आहे, पण देवनागरी २ चं तसं छोटं, वर चढलेलं रूप नाही. ‘देवनागरी एक्स्टेंडेड’मध्ये छोटे अंक सापडतील, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी आहेत आणि अक्षराच्या डोक्यावर बसतात. त्यांना घातांक करू नका. लाटेकचं टोपीचिन्ह (^) किंवा एचटीएमएलचा ‘सप’ टॅग वापरा.

प्रश्न : माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. त्याचा स्क्रीन रीडर समीकरण वाचेल का?

चित्र असेल तर फक्त ‘चित्र’ म्हणेल. मॅथएमएल, म्हणजे वेबपानावर गणित लिहायची खुणांची भाषा, असेल तर अंश कुठे संपला, छेद कुठे सुरू झाला, हे त्याला कळू शकतं. मॅथएमएल १९९८ मध्येच मानक झालं, फायरफॉक्स आणि सफारीनं ते स्वीकारलं, क्रोममध्ये मात्र ते नीट आलं जानेवारी २०२३ ला, १०९ व्या आवृत्तीत. मॅथजॅक्ससारखीच दुसरी स्क्रिप्ट केटेक दिसणाऱ्या समीकरणामागे मॅथएमएल ठेवते, मॅथजॅक्सही ठेवू शकतं, ते बंद करू नका. आणि लेख टाकण्याआधी त्या मुलाला त्याच्याच फोनवर ऐकायला लावा.

प्रश्न : केटेक की मॅथजॅक्स?

पानावर समीकरणांची रांग असेल आणि मुलांचे फोन साधे असतील तर केटेक. खान अकॅडमीतून २०१४ मध्ये आलेलं, झटपट. आज्ञा थोड्या कमी आहेत, शाळेला पुरतात.

प्रश्न : आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर?

तिथे यातलं काहीच चालत नाही. छोटं असेल तर ² आणि √ वर भागवा. मोठं असेल तर वहीत सुवाच्य लिहा, उजेडात धरा आणि काढा फोटो.