कॅमेऱ्याआधी पटकथा उघडा

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: पैसे थोडे आहेत, सिनेमा करायचाच आहे, कॅमेरा कोणता घ्यावा? पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण त्यात बाकीच्यांच्याही बऱ्याच शंका आल्या आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मित्र मिळून ९० मिनिटांचा सिनेमा करतोय. गोष्ट आजी आणि नातवाची, जवळपास सगळी एकाच घरात आणि बरीचशी रात्री घडणारी. एकाचं म्हणणं, निम्मे पैसे गेले तरी चालतील, पण फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) कॅमेराच घ्यायचा. दुसरा म्हणतो, ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के घेऊ, त्यात रॉ, म्हणजे सेन्सरवरून आलेलं कच्चं फूटेज मिळतं. तिसरा सोनी एफएक्स३० सोडून बोलत नाही. दिग्दर्शन माझं आहे आणि मला काही ठरवता येईना.

उत्तर: निम्मे पैसे कॅमेऱ्यावर घालू नका, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या सिनेमात दोन माणसं रात्री एका घरात बोलणार आहेत. प्रेक्षक दीड तास त्यांचे चेहरे बघणार आणि त्यांचे आवाज ऐकणार. संवाद नीट ऐकू आले नाहीत तर चित्र कितीही देखणं असो, प्रेक्षक टिकत नाही. म्हणून लांब दांडीवरचा चांगला बूम माइक, तो धरणारं जाणतं माणूस आणि त्याचं मानधन आधी बाजूला काढा. मग दिवे, मग हार्डडिस्क. उरेल त्यात कॅमेरा आणि लेन्स.

आता पटकथा घेऊन बसा आणि प्रत्येक सीनपुढे पेन्सिलीने लिहा: उजेड कुठून येतोय, माणसं किती हलतायत आणि फोकस कोण सांभाळणार. यातलं शेवटचं बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि तुमचा निर्णय नेमका तिथेच अडलाय.

फुल-फ्रेमचंच बघू. ५० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/१.८ आणि आजी कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर बसल्यात. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण १० सेंटिमीटरचा असतो. आजी चष्मा पुसायला जरा पुढे झुकल्या की डोळे फोकसमधून गेलेच. तीच फ्रेम पॉकेट ४केच्या लहान, मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर २५ मिलिमीटरच्या लेन्सने, त्याच अ‍ॅपर्चरला घेतली तर पट्टा जवळपास दुप्पट होतो. मागचं सगळं धूसर होऊन चेहरा उठून येतो तेव्हा छान दिसतं, मलाही ते आवडतं. पण दोन मिनिटांच्या टेकमध्ये, कदाचित पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेल्या वयस्कर बाईंना "जागचं हलू नका" असं सांगायचं, म्हणजे त्यांच्याकडून अभिनयच काढून घ्यायचा. ते करू नका.

फोकस ओढणं, म्हणजे टेक चालू असताना तो हाताने बदलत राहणं, हे वेगळं कसब आहे. अंतर डोळ्याने जोखायला शिकण्यातच फोकस पुलरची वर्षं जातात. तुमच्या चौघांत असं कोणी असेल तर पॉकेट ४के खुशाल घ्या. नसेल तर चेहऱ्यामागे न चुकता जाणारा ऑटोफोकस हवा, आणि सतत चालणारा ऑटोफोकस पॉकेट ४केमध्ये नाही. बटण दाबल्यावर तो एकदा फोकस लावून देतो, पुढचं आपण बघायचं. एफएक्स३०चा ऑटोफोकस डोळे धरून ठेवतो.

मोठा सेन्सर म्हणजेच सिनेमा, ही समजूत २००८ साली आलेल्या कॅनन ५डी मार्क २पासून पक्की झाली. त्या कॅमेऱ्याने आमच्या धंद्यात खूप काही बदललं, त्याबद्दल दुमत नाही. पण ३५ मिलिमीटरची फिल्म सिनेमाच्या कॅमेऱ्यात उभी धावते, फोटोच्या कॅमेऱ्यात आडवी. त्यामुळे सिनेमाची फ्रेम फार तर २५ मिलिमीटर रुंद आणि फोटोची ३६. एफएक्स३०चा सेन्सर साधारण २३ मिलिमीटरचा आहे. आपण लहानपणापासून मोठ्या पडद्यावर जे पाहत आलो, त्यातलं बहुतेक याच मापाच्या आसपासचं होतं.

आता रात्रीचं. आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता. पॉकेट ४के आणि एफएक्स३०, दोन्हींत दोन मूळ आयएसओ आहेत. पॉकेट ४केचे ४०० आणि ३२००, एफएक्स३०चे एस-लॉग३मध्ये (सोनीचं लॉग, म्हणजे नंतर रंग सुधारता यावेत म्हणून मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र) ८०० आणि २५००. याचा उपयोग समजून घ्या. पॉकेट ४केवर आयएसओ १०००ला जितका नॉइज (चित्रातले दाणे) दिसतो, त्यापेक्षा १२५०ला कमी दिसतो, कारण १२५०पासून सेन्सरचं दुसरं सर्किट कामाला लागतं. अंधार वाढला म्हणून आयएसओ पायरीपायरीने चढवत नेणाऱ्याला हे कळत नाही आणि त्याचं फूटेज विनाकारण खराब होतं. आणि आयएसओ कितीही चढवला तरी दिव्याची जागा तो घेत नाही. खोलीतला एकच बल्ब डोक्यावरून जळत असेल तर डोळ्यांच्या खाचांत काळोखच राहणार, कॅमेरा कोणताही असो. टेबलावर एक दिवा आणि समोर पांढरं कापड लावलंत तर आजींचे डोळे दिसतील.

रात्रीच्या घराची आणखी एक परीक्षा असते. दिव्याचा उजेड भिंतीवर हळूहळू विरत जातो. ८-बिट फूटेजमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये घेतलेलं ८-बिट फूटेज ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारताना, ताणलं की त्या भिंतीवर पट्टे उमटतात आणि ते पुरते कधीच जात नाहीत. तुमच्या यादीतले दोन्ही कॅमेरे किमान १०-बिट देतात. मित्राच्या मनातली फुल-फ्रेम बॉडी जुनी असेल तर ती ८-बिट आहे का, एवढं नक्की तपासा. असेल तर विषय संपला.

हार्डडिस्कचा हिशेब कागदावर करा. सेकंदाला ४०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला १८० जीबी. दहास एक या प्रमाणात शूट केलं तर ९० मिनिटांसाठी १५ तासांचं फूटेज, म्हणजे २.७ टीबी. दोन प्रती तरी हव्यातच, म्हणजे ५.४. रॉ घेण्याआधी त्याचाही असाच हिशेब मांडा. त्यात पॉकेट ४केची छोटी बॅटरी जेमतेम तासभर चालते, म्हणजे बाहेरून वीज देण्याची सोयही धरा. दुसरीकडे, त्यात मिनी एक्सएलआर सॉकेट आहे, माइक थेट लागतो. एफएक्स३०च्या नुसत्या बॉडीला ती सोय नाही, त्यासाठी वेगळा हँडल लागतो. तुमचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरच जाणार असेल तर हँडलचे पैसे वाचवा.

तेव्हा फोकस पुलर नसेल तर माझं मत एफएक्स३०ला. शूटिंग सलग असेल तर भाड्याने घ्या. सुट्टीच्या दिवशी जमेल तसं करणार असाल तर वापरलेला विकत घ्या, कारण दर वेळी वेगळी बॉडी हाती आली की रंग जुळवण्यात जीव जातो.

प्रश्न: माझ्याकडे फोनशिवाय काही नाही. पूर्ण लांबीचा सिनेमा फोनवर खरंच होतो, की नुसत्या सांगायच्या गोष्टी?

उत्तर: होतो. २०१५च्या सनडान्स महोत्सवात दाखवलेला 'टँजरीन' हा सिनेमा आयफोन ५एसवर चित्रित झाला होता. पण त्या फोनवर चित्र रुंद करणारा अ‍ॅनामॉर्फिक अडॅप्टर होता, हादरे सांभाळायला स्टॅबिलायझर होता, आणि एक्स्पोजर व फोकस जागच्या जागी धरून ठेवणारं फिल्मिक प्रो हे अ‍ॅप होतं. ही सगळी तयारी ध्यानात घ्या.

तुम्हीही फोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपवर विसंबू नका. ते टेक चालू असताना स्वतःच उजेड आणि रंग बदलतं. पात्र खिडकीसमोरून गेलं की चेहरा काळा होतो, पुन्हा उजळतो. शिवाय फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. एडिटिंगला वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लावला की सुरुवातीला ओठ जुळतात आणि दोन मिनिटांनी सुटतात. म्हणून फ्रेम रेट, शटर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करता येतील असं अ‍ॅप घ्या. मुख्य लेन्सच वापरा, बाकीच्या लेन्समागचे सेन्सर सहसा लहान असतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. दिवसा उजेडी घडणारी, रस्त्यावर फिरणारी गोष्ट असेल तर फोन तुम्हाला असं मोकळेपण देतो की मोठ्या युनिटलाही हेवा वाटावा. गर्दी तुमच्याकडे वळून बघत नाही.

प्रश्न: माझ्या जुन्या डीएसएलआरवर उन्हात घेतलेलं फूटेज तडतडीत, बातम्यांसारखं दिसतं. नवीन कॅमेरा घेतल्यावर फरक पडेल का?

उत्तर: नाही पडणार. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची उजेड अडवणारी काच, घ्या. तुम्ही उजेड कमी करायला शटरचा वेग वाढवत असणार. २५ फ्रेमला शटर १/५० हवं, तर हालचालीत नैसर्गिक पुसटपणा येतो. १/१००० केलंत की चालणाऱ्या माणसाचा प्रत्येक पाय कापल्यासारखा दिसतो.

आता मोजून बघा. लख्ख उन्हात आयएसओ १००, शटर १/१००, अ‍ॅपर्चर एफ/१६ असलं की एक्स्पोजर बरोबर येतं. तुम्हाला हवंय १/५० आणि एफ/४. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटरचा एक स्टॉप, अ‍ॅपर्चरचे चार, म्हणजे पाच स्टॉप उजेड अडवायचा. दर स्टॉपला ०.३ धरून त्याला १.५चा एनडी लागतो. लॉगसाठी आयएसओ ८००वर जायचं असेल तर आणखी तीन, म्हणजे २.४चा. फिरवून कमी-जास्त करायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा आहे, पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवलात तर आकाशात काळी फुली दिसते. आणि दिव्याखाली शूट करताना वीज ६० हर्ट्झची असेल तर शटर १/६० ठेवा, नाहीतर दिवे लुकलुकतील.

प्रश्न: नेटफ्लिक्सच्या मान्यताप्राप्त यादीत माझा कॅमेरा नाही. सिनेमा कधीच विकला जाणार नाही का?

उत्तर: ती यादी त्यांच्या स्वतःच्या निर्मितीसाठी आहे. पूर्ण झालेला सिनेमा ते विकत घेतात तेव्हा ही अट नसते. निश्चिंत राहा.

प्रश्न: पहिल्यांदाच कॅमेरा भाड्याने घेतेय. उचलण्याआधी काय बघू?

उत्तर: दोन तास हातात ठेवून जा आणि दुकानातच सगळं जोडून बघा. लेन्सला झाकण लावून, आयएसओ चढवून मिनिटभर रेकॉर्ड करा. काळ्यात लाल-पांढरे ठिपके चमकले तर सेन्सरचे पिक्सेल बिघडलेत. मग एफ/१६वर पांढरी भिंत घ्या, धूळ असेल तर डाग दिसतील. झूम लांब करून फोकस लावा, मग रुंद करा. सिनेमाची झूम लेन्स असून फोकस सुटला तर ती बदलून मागा. एचडीएमआयची वायर जोडून हलवून बघा, कारण खिळखिळा सॉकेट ऐन टेकला मॉनिटर बंद पाडतो. प्रत्येक बॅटरी लावून बघा आणि जी लवकर उतरते तिच्यावर टेप लावून खूण करा. तुमचंच कार्ड, तुमच्याच सेटिंगवर, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करून पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करा आणि ती फाइल एडिटरच्या कॉम्प्युटरवर उघडते का हे बघा. उघडेपर्यंत कागदावर सही करू नका.