चिनी सम्राटांचे ‘थडगे’ की ‘समाधी’?

प्रश्न असा आहे : चिनी सम्राटांच्या दफनस्थळांना मराठीत काय म्हणावे? बीजिंगजवळच्या मिंग घराण्याच्या दफनस्थळांना ‘मिंग थडगी’ म्हणणे खटकते, मग ‘मकबरा’ चालेल का?

मकबरा नको. तो शब्द वाचला की घुमट नि मिनार डोळ्यांपुढे येतात. चिनी सम्राटावर रचलेली असते मातीची टेकडी, किंवा तांग राजवंशाच्या काळात थेट डोंगरच पोखरलेला असतो. मूळ चिनी शब्दाचा अर्थही टेकडीच. देवनागरीत तो ‘लिंग’ असा उतरतो, त्यामुळे सुटा वापरायची सोय नाही! माओलिंग, चांगलिंग अशा नावांतच तो निभतो.

‘थडगे’ अर्थाने चूक नाही, दर्जाने चूक आहे. बाकीच्यांचे ते ‘मू’. ‘लिंग’ हा राजमान, आणि तो देणे-काढणे सिंहासनाच्या हाती. तांग काळातल्या वू सम्राज्ञीची नातवंडे, राजपुत्र यीदे आणि राजकन्या योंगताय, 701 साली वारली. तिच्या मृत्यूनंतर 706 मध्ये त्यांच्या बापाने, सम्राट जोंगझोंगने, त्यांना छ्येनलिंगच्या (वू सम्राज्ञी आणि तिच्या पतीच्या समाधीच्या) परिसरात पुन्हा पुरले आणि त्यांच्या ‘मू’ला ‘लिंग’ ठरवले. उलट मिंग सम्राट जिंगतायचे. 1457 मध्ये भावाने गादी परत घेतली, जिंगतायसाठी बांधलेले लिंग पाडले आणि त्याला राजपुत्राच्या इतमामाने दुसरीकडे पुरले. मिंग सम्राट 16, पण बीजिंगजवळच्या प्रसिद्ध समूहात समाध्या 13, त्यामागचे एक कारण हे.

हान काळात तर समाधीला जोडून गावे वसवली जात. धनाढ्य आणि प्रबळ घराण्यांना मुळासकट उचलून तिथे आणायचे, म्हणजे ती राजधानीच्या नजरेखाली राहतात. हान सम्राट वू याच्या माओलिंगजवळच्या अशा गावाची नोंदलेली लोकसंख्या 2,77,277 आहे. याला ‘थडग्याचे गाव’ म्हटले तर हसू येईल, ‘समाधीनगर’ म्हणावे.

म्हणून माझे मत ‘समाधी’ला. समाधी म्हणजे दहनाची जागा, हा आक्षेप टिकत नाही. संन्याशांना पुरतात, त्यालाही आपण समाधीच म्हणतो. मान आणि वास्तू, दोन्ही त्या शब्दात येतात. सगळा परिसर असेल तर ‘समाधीसंकुल’, आतली खोली ‘दफनकक्ष’, दुतर्फा दगडी प्राणी असलेला रस्ता ‘समाधीमार्ग’. ‘थडगे’ राजपुत्र-सरदारांच्या ‘मू’साठी ठेवावे.

‘चांगलिंग समाधी’त द्विरुक्ती आहे, पण वाचकासाठी ती चालवून घ्यावी. राजवंश मात्र जोडायला विसरू नये : हान संस्थापक गाओझू आणि मिंग सम्राट योंगल, दोघांच्याही समाधीचे नाव चांगलिंगच, पहिली शिआनजवळ, दुसरी बीजिंगजवळ.